धुऊन-पुसून ठेवलेली डर्ट बाइक: नाशिकमधल्या एका व्यवहाराचा अनुभव

जुनी डर्ट बाइक घेताना माझी फसवणूक कागदपत्रांत झाली नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण जुन्या गाडीच्या व्यवहाराबद्दल आपल्याकडे जी सावधगिरी सांगितली जाते ती जवळजवळ सगळी कागदांभोवतीच फिरते. आरसीवरचे नाव विकणाऱ्याचेच होते, पासिंग एमएच १५ चे होते, बँकेचा बोजा उतरलेला होता, एकही चलन थकलेले नव्हते आणि चेसी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळत होता. पेठ रोडच्या आरटीओत नमुना २९ आणि ३० भरून गाडी माझ्या नावावर व्हायलाही काही अडचण आली नाही. फसवणूक झाली ती गाडीच्या पूर्वायुष्याबद्दल.

गाडी हीरोची एक्सपल्स २००. हे मॉडेल २०१९ मध्ये बाजारात आले. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोकची चाके असल्यामुळे ते कच्च्या वाटेवर चांगले चालते. निव्वळ मोटोक्रॉससाठी, म्हणजे कच्च्या मार्गावरच्या शर्यतींसाठी, बनवलेल्या गाड्यांना आपल्याकडे रस्त्याची नोंदणी मिळत नाही, त्यामुळे हौशी लोक अशा पासिंगच्या गाड्याच स्पर्धेत उतरवतात आणि एरवी त्याच गाडीवर कॉलेजला किंवा कामावर जातात. जुन्या बाजारात येणाऱ्या या गाड्यांपैकी काहींना म्हणूनच दोन आयुष्ये असतात, आणि विकताना त्यातले एकच सांगितले जाते. मला पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत जे सांगितले गेले ते असे: "दादा, फक्त कॉलेज आणि कधीतरी त्र्यंबकपर्यंत. चिखलात घातलेलीच नाही." मीटरवर अकरा हजारांच्या आत किलोमीटर होते. सौदा ८२ हजारांना ठरला.

महिन्याभरातच गाडी ऑइल पिऊ लागली. सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धूर येई आणि त्र्यंबक रस्त्याच्या साध्या चढालाही गाडी दम टाकत असे. सातपूरच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडल्यावर बोअरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर, उभ्या रेघा आणि पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा दिसल्या. बोअर-पिस्टन, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग), चिमट्याचे (मागचे चाक धरून ठेवणाऱ्या भागाचे) बुश आणि मजुरी धरून खर्च २२ हजारांच्या पुढे गेला. मेकॅनिकने मला कारण सांगितले नाही, दाखवले. त्याने एअर फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या रबरी नळीत बोट फिरवले आणि बोटावर पिठासारखी बारीक धूळ आली. फिल्टर नवा कोरा होता. पण आधीचा फिल्टर नीट न बसवता किंवा साफ न करता गाडी कित्येक तास धुळीत पळवलेली होती. ती धूळ हवेबरोबर आत जाते, ऑइलमध्ये मिसळते आणि रिंगा व बोअर घासत राहते. विक्रेत्याने फिल्टर बदलला, नळी पुसायची राहिली.

एकदा संशय आल्यावर बाकीच्या खुणाही सापडत गेल्या. बाजूच्या पॅनेलवर ऊन तिरपे पडले की तिथे एक चौकोन आणि त्यात ७ हा आकडा फिकट दिसत असे. स्पर्धेच्या नंबराचा स्टिकर काढून डिंक पेट्रोलने पुसला होता, मात्र स्टिकरखालच्या प्लास्टिकचा रंग उन्हाने कमी उडाला होता. इंजिनखालच्या पत्र्याला काळा स्प्रे मारलेला होता, तरी त्यावरचे पोचे हाताला लागत होते. मीटरवरचा आकडा कदाचित खराही असेल, कारण स्पर्धेला उतरवताना हेडलाइट, आरसे, इंडिकेटर यांच्याबरोबर पुष्कळदा मीटरही काढून ठेवतात आणि मग ते तास कुठेच मोजले जात नाहीत.

सगळ्यात चलाखीची गोष्ट मात्र शॉकअपची होती. पुढचे शॉकअप इतके स्वच्छ होते, सीलभोवती ऑइलचा ओघळ नाही, नळीवर ओरखडा नाही, की माझ्याबरोबर आलेला मित्रही त्यावर खूश झाला. पुढे रायडर मंडळींच्या एका ग्रुपवर त्याच विक्रेत्याच्या नंबरवरून रॅली किटची, म्हणजे याच गाडीला स्पर्धेसाठी लावायच्या शॉकअप वगैरे सुट्या भागांच्या संचाची, जाहिरात दिसली. कंपनीने २०२० मध्ये काढलेल्या या किटने पुढच्या शॉकअपचा वर-खाली होण्याचा पल्ला १९० मिलिमीटरवरून २५० होतो. म्हणजे गाडी किटवर चालवून झिजवली, किट काढून वेगळे विकायला ठेवले आणि घरात खोक्यात पडून असलेले मूळ शॉकअप गाडीला परत लावले. ते नवे दिसत होते कारण ते वापरलेच नव्हते. एखादा भाग बाकीच्या गाडीपेक्षा फारच तरुण दिसत असेल, तर त्याचे कौतुक करण्याऐवजी तो कधी लावला हे विचारावे, असे माझे आता ठाम मत आहे.

मी पोहोचलो तेव्हा इंजिन गरम होते. "आत्ताच दूध आणायला गेलो होतो," असे सांगण्यात आले. गरम इंजिन पहिल्या स्टार्टचा धूर आणि आवाज लपवते, आणि त्यात जाड ऑइल भरलेले असेल तर खडखड आणखी दबते. म्हणून पोहोचताच हात इंजिनजवळ नेऊन पाहावे आणि ऊब लागली तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो असे सांगून निघावे. ज्याच्या मनात काही नाही तो याला हरकत घेत नाही. ऑइलची टोपी उघडून आतल्या बाजूला दुधाळ फेस आहे का तेही पाहावे, कारण नदीनाल्यात बुडालेल्या गाडीच्या ऑइलमध्ये पाणी शिरलेले असू शकते. इंजिनखाली लाकडी ठोकळा लावून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल सावकाश फिरवावे. ते मधोमध येऊन खाचेत बसल्यासारखे अडत असेल तर उड्यांनी कोनसेट गेलेला आहे. मागचे चाक धरून आडवे हलवले की चिमट्याची ढिलाई कळते. स्पोक पान्याने एकेक वाजवले की सैल स्पोकचा बद्द आवाज लगेच वेगळा ओळखू येतो. फूटपेगजवळचे (पाय ठेवायच्या दांडीजवळचे) आणि हेड पाइपजवळचे (चेसीच्या ज्या नळीत हँडल बसते तिथले) वेल्डिंग टॉर्चच्या उजेडात पाहावे, आणि तिथे ताजा रंग असेल तर तो कशासाठी दिला ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पोलिसांत गेल्यावर हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे असे सांगण्यात आले, आणि विक्रेत्याने सौदा पावतीकडे बोट दाखवले. तीत "गाडी आहे त्या स्थितीत पाहून-तपासून घेतली" असे वाक्य होते, तेही त्याच्याच हस्ताक्षरात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार माहीत असलेली गोष्ट समोरच्याला फसवण्यासाठी मुद्दाम दडवून ठेवणे ही फसवणूकच आहे; परंतु त्याला ती माहीत होती हे सिद्ध करण्याचे काम आपल्यावर येते, आणि पुसट झालेल्या ७ च्या आकड्यावर खटला उभा करणे किती कठीण आहे, हे वकिलांनी मला फीचा आकडा सांगण्याआधीच सांगितले. त्यामुळे पावतीवर विक्रेत्याच्या सहीने आणखी एक वाक्य लिहून घ्यावे: "ही गाडी कोणत्याही स्पर्धेत वापरलेली नाही, हिचे इंजिन उघडलेले नाही आणि सध्या लावलेले शॉकअप पहिल्यापासून याच गाडीवर आहेत." एवढे लिहायला जो का-कू करील, त्याच्याकडचा चहा घ्यावा आणि गाडी तिथेच ठेवून घरी यावे.