यावल की फणसाड? जळगावकरांचा प्रश्न

एका बाजूला सातपुड्यातलं आपलं यावल अभयारण्य, १९६९ पासूनचं. दुसऱ्या बाजूला रायगडात मुरूडजवळ, समुद्राला खेटून असलेलं फणसाड. एकेकाळी ही जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची जागा होती, १९८६ मध्ये तिचं अभयारण्य झालं.

झाडं बघायला जायचं असेल तर फणसाडच. गारंबीचा वेल एकदा बघाच. माणसाच्या मांडीएवढी जाड खोडं या झाडावरून त्या झाडावर गेलेली, आणि शेंगा हातभर लांब! वर शेकरू उड्या मारतं, आपला राज्यप्राणी. आपल्या पानगळीच्या रानात असली गच्च सावली कुठली? साग, सालई, धावडा, अंजन. एप्रिलमध्ये सगळे उघडेबोडके. फणसाडच्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात, चिखलगाण वगैरे. उन्हाळ्यात प्राणी बघायचे तर तिथेच दबा धरून बसायचं.

पण पक्षी म्हणाल तर आपण भारी. रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, नामशेष झाला असंच जग धरून बसलं होतं. १८८४ नंतर पक्का पुरावाच नव्हता. १९९७ मध्ये तो सापडला कुठे, तर शहाद्याजवळ, खान्देशात! यावलच्या रानातही तो आहे. दिवसाढवळ्या शिकार करतो, म्हणजे रात्र जागवायची गरज नाही. फणसाडला गिधाडं आहेत, तेही खरं.

बिबट्या दोन्हीकडे आहे. दिसेलच असं नाही.

मी तरी हिवाळ्यात यावल अभयारण्यातल्या पाल गावी जाईन, येताना रावेरकडून भरताची वांगी घेऊन. फणसाड मेच्या सुट्टीत, मुलांना समुद्रही दाखवायचा असतो म्हणून.