घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी वक्तृत्व क्लब : नाशिकमधील एक अनुभव

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकाचे दिवसभर बोलणे होत असले, तरी ते बहुधा एकाच मुलाशी आणि वेळेचे बंधन नसलेले असते. अनोळखी लोकांसमोर मोजक्या वेळात मुद्दा मांडता यावा, म्हणून मी कॉलेज रोड परिसरातील एका टोस्टमास्टर्स क्लबाची, म्हणजे एकमेकांसमोर भाषणाचा सराव करणाऱ्या मंडळाची, सभासद झाले. हा अभिप्राय माझ्यासारख्या पालकांसाठी आहे.

राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना येथे सुरू केलेल्या या उपक्रमात शिकवणारा शिक्षक नसतो. सभासदच आळीपाळीने वक्ता, वेळ मोजणारा, भाषेकडे लक्ष ठेवणारा आणि मूल्यमापन करणारा होतात. पहिले भाषण चार ते सहा मिनिटांचे असते. चौथ्या मिनिटाला हिरवी, पाचव्याला पिवळी आणि सहाव्याला लाल खूण दाखवली जाते. ‘मुलगी शाळेत का जात नाही?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला मी आजवर मुक्त विद्यालयाची परीक्षा, वयाची अट, अभ्यासक्रम असे सगळे सांगत आले होते. सहा मिनिटांत ते मावणे शक्य नसल्यामुळे मी भाषणात तिचा केवळ एक दिवस सांगितला, आणि श्रोत्यांचे प्रश्न प्रथमच आक्षेपांऐवजी कुतूहलाचे आले.

तरीही या क्लबाची खरी किंमत मला भाषणांपेक्षा मूल्यमापनात दिसते. दुसऱ्याचे भाषण एकाग्रतेने ऐकून, त्यात नेमके काय साधले आणि पुढच्या वेळी काय बदलावे, हे दोन-तीन मिनिटांत त्याच्या तोंडावर आणि सर्वांसमोर सांगायचे असते. नुसते ‘छान झाले’ म्हणून चालत नाही. मुलीच्या वहीवर शेरा देताना ही सवय आपोआप उतरली. गोदावरीच्या पुरावर तिने लिहिलेला निबंध वाचून मी तिला सांगितले, की पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत चढल्याचे वर्णन डोळ्यांसमोर उभे राहिले, परंतु पूर ओसरल्यानंतरच्या सराफ बाजाराला एकच ओळ मिळाली. तिने तो भाग स्वतःहून पुन्हा लिहिला. घरी पालक हाच शिक्षक आणि परीक्षकही असल्यामुळे त्याच्या शेऱ्याला शाळेतल्यापेक्षा अधिक वजन येते, आणि म्हणूनच हे कौशल्य मला अत्यंत मोलाचे वाटते.

काही उणिवाही नमूद करायला हव्यात. आमच्या क्लबाची सभा जवळजवळ पूर्ण इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठीत विचार करणाऱ्या नव्या सभासदाची अर्धी शक्ती शब्द शोधण्यात जाते. ज्या शहरात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला श्रोते आवर्जून जातात, तिथे मराठी सभेला प्रतिसाद मिळेल याची मला खात्री आहे. सभासदत्वासाठी वय किमान अठरा वर्षे लागते, म्हणून मुलांना पाहुणे म्हणूनच बसता येते. वर्गणी सहामाही असते.

पैसे भरण्यापूर्वी दोन-तीन सभांना पाहुणे म्हणून जावे आणि शेवटच्या मूल्यमापनाच्या सत्रापर्यंत थांबावे. तिथे केवळ कौतुक ऐकू आले, तर दुसरा क्लब पाहावा.