स्टुटगार्टकडे घर: भाड्यानं राहायचं, जुनं विकत घ्यायचं की प्लॉट घेऊन बांधायचं?

जर्मनीत येऊन दोन-तीन वर्षं झाली, पोरं किंडरगार्टनला जायला लागली की रविवारच्या व्हिडिओ कॉलवर घरचे विचारतातच, "अजून भाड्यानंच का? तेवढ्याच हप्त्यात स्वतःचं होईल की." पुण्यात हे बोलणं ठीक असेल, पण इथे त्यावर निर्णय घेऊ नका. इथला खरा प्रश्न भाडं जास्त की हप्ता जास्त हा नाही, तुम्ही अजून किती वर्षं नक्की इथे राहणार हा आहे. मी स्टुटगार्ट, ब्योब्लिंगेन, सिंडेलफिंगेन, एस्लिंगेन या पट्ट्याबद्दल लिहितोय, कारण बॉश, मर्सिडीज आणि त्यांच्या सप्लायर कंपन्यांमुळे आपली माणसं इथे भरपूर आहेत आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गचे काही नियम इतर राज्यांपेक्षा वेगळे आहेत. म्युनिक-बर्लिनवाल्यांनी आपापल्या राज्याचे आकडे टाकून बघा.

आधी परत न येणारा पैसा बघू, कारण सगळी तुलना तिथूनच सुरू होते. समजा साडेचार लाख युरोचा फ्लॅट घेताय. इथे खरेदीवरचा टॅक्स, म्हणजे ग्रुंडएरवेर्बश्टॉयर, 5 टक्के आहे, म्हणजे 22,500 युरो. नोटार (ज्याच्यापुढे व्यवहाराची सही होते तो सरकारमान्य कायदेतज्ज्ञ) आणि ग्रुंडबूखची, म्हणजे मालकीच्या सरकारी रजिस्टरची, नोंद धरून साधारण 2 टक्के, म्हणजे 9,000. मधे माकलर, म्हणजे दलाल, असला तर तुमच्या वाट्याचे बहुतेक 3.57 टक्के, म्हणजे 16,000 च्या थोडं वर. झाले की नाही 47 हजारांच्या वर, म्हणजे किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त, आणि यातला एक सेंटसुद्धा घराच्या किमतीत जात नाही, वर बँक बहुतेक वेळा सांगते की हे तुमच्या खिशातनं भरा, आम्ही फक्त घराला कर्ज देणार. (बायर्नमध्ये टॅक्स 3.5 टक्केच आहे, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये 6.5, एवढा फरक पडतो.) तीन वर्षांत कंपनीनं परत चाकणला पाठवलं तर हे पैसे गेले असं समजायचं, घराची किंमत तेवढी वाढली नसेल तर सरळ तोटा.

म्हणून भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हे मला पटत नाही. इथला भाडेकरू भारतातल्यासारखा अकरा महिन्यांच्या कराराला लटकलेला नसतो. करार बहुतेक बेमुदत असतो, तुम्हाला सोडायचं तर तीन महिन्यांची नोटीस पुरते, पण मालकाला काढायचं असेल तर कायद्यात बसणारं कारण लागतं आणि तुम्ही पाच वर्षांच्या वर राहिला असाल तर नोटीस सहा महिन्यांची, आठच्या वर असाल तर नऊ महिन्यांची होते. भाडंही मनाला येईल तसं वाढवता येत नाही, स्टुटगार्टसारख्या टंचाईच्या भागात तीन वर्षांत जास्तीत जास्त 15 टक्के, आणि तेही आसपासच्या चालू भाड्याच्या वर न्यायचं नाही. फक्त करारात इंडेक्समीटं (महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेलं भाडं) किंवा श्टाफेलमीटं (आधीच ठरलेल्या टप्प्यांनी वाढणारं भाडं) लिहिलंय का ते सही करायच्या आधी बघा, तिथे वाढीचा हिशोब वेगळा चालतो. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटं, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून नुसतं भाडं, आणि तेसुद्धा तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे, हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही.

भाड्याची खरी धास्ती एकच, आयगनबेडार्फ. मालकाला स्वतःसाठी नाहीतर मुलासाठी घर हवं असेल तर तो नोटीस देऊ शकतो. मुलांची शाळा त्याच गल्लीत असताना ती नोटीस हातात पडली की काय हाल होतात ते ओळखीच्या घरांत बघितलंय, इथे दुसरं घर मिळायला महिनेच्या महिने जातात. त्यामुळे घर शोधताना शक्य असेल तर एकट्या मालकाच्या फ्लॅटपेक्षा हाउसिंग कंपनीचं किंवा गेनोसेनशाफ्टचं, म्हणजे सहकारी गृहसंस्थेचं, घर बघा, वेटिंग लिस्ट लांबलचक असते पण एकदा मिळालं की जीव निवांत.

आता जुना फ्लॅट. इथे लोक टाइल्स, बाल्कनी, व्ह्यू बघतात आणि कागद बघत नाहीत, खरं तर उलटं करायला पाहिजे. फ्लॅट आवडला की गेल्या तीन वर्षांची सोसायटीच्या मीटिंगची प्रोटोकोलं मागा, टायलुंग्सएरक्लेरुंग (इमारतीत कुणाचा भाग कोणता आणि सामाईक काय ते सांगणारा कागद) मागा, दुरुस्तीच्या फंडात किती पैसे आहेत ते विचारा. प्रोटोकोलात छप्पर, हीटिंग, लिफ्ट, दर्शनी भिंत यांचा विषय वर्षानुवर्षं पुढे ढकललेला दिसला आणि फंड रिकामा असला तर पुढच्या काही वर्षांत झोंडरउमलागं येणार, म्हणजे प्रत्येक फ्लॅटवाल्यानं वेगळे पैसे काढायचे, आणि ते काही हजारांपासून काही दहा हजारांपर्यंत कितीही असू शकतं. महिन्याचं हाउसगेल्ड, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, हप्त्याच्या वर वेगळं धरा. त्यातला दुरुस्ती फंडाचा आणि मॅनेजरच्या फीचा भाग भाडेकरूला कधी भरावाच लागत नाही, म्हणून भाडं आणि हप्ता शेजारी ठेवताना हा आकडा नेहमी निसटतो.

एनर्जी सर्टिफिकेटवर ए प्लसपासून एचपर्यंत अक्षरं असतात, एच म्हणजे सगळ्यात जास्त ऊर्जा खाणारं. जी-एचवालं घर स्वस्त दिसतं ते उगीच नाही. सुटं जुनं घर घेतलं तर सध्याच्या नियमात नव्या मालकाला दोन वर्षांत वरच्या छताचं इन्सुलेशन आणि ठरावीक जुना बॉयलर बदलणं अशी कामं करावी लागतात, शिवाय या राज्यात छप्पर मुळापासून नवं केलं की सोलर पॅनेल बसवणं 2023 पासून सक्तीचं आहे. 1993 च्या आधीचं बांधकाम असेल तर ॲस्बेस्टॉस असू शकतं, जुन्या फरशीखालच्या गोंदातसुद्धा, तेव्हा पाडापाडीचा बेत असेल तर आधी तपासून घ्या.

व्यवहार मात्र आपल्याकडच्यापेक्षा खूप स्वच्छ आहे. 2023 च्या एप्रिलपासून घराची खरेदी रोखीनं करायला बंदीच आहे, सगळे पैसे बँकेतून. माकलर छापील फॉर्मवर रिझर्व्हेशनचे पैसे मागत असेल तर देऊ नका, 2023 मध्येच बुंडेसगेरिख्ट्सहोफनं, म्हणजे इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं, अशा अटी बेकायदा ठरवल्यात. नोटारकडे सही होईपर्यंत कुणीच बांधील नसतं, ना तुम्ही ना विकणारा. जर्मन पक्कं येत नसेल तर नोटारला दुभाषा किंवा भाषांतर लागतं, त्याचा खर्च धरून ठेवा आणि ड्राफ्ट आधी घरी मागवून शांतपणे वाचा. पैसे पुण्याचा फ्लॅट विकून आणायचे असतील तर एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचं भारतातलं खातं) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, आईवडील मदत करत असतील तर त्यांना माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, पण दोन्ही वेळा इथली बँक पैसा कुठून आला ते कागदानिशी विचारते, तेव्हा सीएकडचे कागद घर सापडायच्या आधीच तयार ठेवा.

बांधायचं असेल तर फेलबाखच्या सॅम्पल घरांच्या प्रदर्शनात जरूर जा, एका जागी बऱ्याच फर्टिगहाउस (कारखान्यात तयार केलेले भाग जोडून उभं करायचं घर) कंपन्यांची घरं आतून फिरून बघता येतात. पण तिथली किंमत बहुतेक वेळा बोडनप्लाटेच्या वरची असते. म्हणजे खालचा काँक्रीटचा स्लॅब किंवा तळघर, मातीची तपासणी, उकरलेली माती उचलणं, वीज-पाणी-ड्रेनेजची कनेक्शनं, साइटवरची तात्पुरती वीज, बाहेरचं अंगण आणि पार्किंग, हे सगळं वेगळं. आपल्या डोंगराळ स्टुटगार्टात उताराचा प्लॉट असेल तर माती आणि रिटेनिंग वॉलच बजेट खाऊन टाकते, आणि ती माती प्रदूषित निघाली तर टाकायचा खर्च अजून वेगळा.

प्लॉट मिळणं हाच मोठा अडथळा. गावं आपले प्लॉट बरेचदा पॉइंट सिस्टिमनं देतात, मुलं किती, गावात किती वर्षं राहताय, फायर ब्रिगेडमध्ये किंवा क्लबमध्ये स्वयंसेवक आहात का, असे गुण असतात, आणि वर ठरावीक वर्षांत बांधायची अट. नवीन आलेल्या माणसाला इथे गुण कमीच पडतात. प्लॉट मिळाला तरी बेबाउउंग्सप्लान, म्हणजे गावाचा बांधकाम आराखडा, ठरवणार छप्पर कसलं, किती अंशाचं, घराची रांग कुठल्या दिशेला. वास्तूप्रमाणे पूर्वेचं दार हवं असेल तर प्लॉट घ्यायच्या आधी प्लान उघडून बघा.

एक चांगली गोष्ट म्हणजे नुसता प्लॉट घेतला आणि बांधणारा पूर्ण वेगळा असला तर 5 टक्के टॅक्स फक्त प्लॉटवर लागतो. पण प्लॉट विकणारा आणि बांधणारा एकच किंवा एकमेकांशी जोडलेले असले तर टॅक्सवाले दोन्ही धरून लावतात. कर्ज टप्प्याटप्प्यानं उचललं जातं आणि न उचललेल्या रकमेवर सुरुवातीचे काही महिने गेले की बेराइटश्टेलुंग्सत्सिन्झन लागतं, बरेचदा वर्षाला 3 टक्क्यांच्या आसपास. काम लांबलं की हे व्याज, हप्त्याचं व्याज आणि चालू घराचं भाडं असं तिन्ही एकदम. मित्रांना बोलावून रंग-टाइल्स करू म्हणत असाल तर त्यांची नोंद बेगे बाउकडे, म्हणजे बांधकामाच्या अपघात विम्याच्या संस्थेकडे, करावी लागते, फुकट मदत असली तरी. कायद्यानं मात्र संरक्षण चांगलं आहे, पूर्ण घराच्या करारावर 14 दिवसांत माघार घेता येते (नोटारकडे झालेला करार सोडून), काम ताब्यात घेईपर्यंत बांधणारा 90 टक्क्यांच्या वर पैसे मागू शकत नाही आणि पहिल्या हप्त्याच्या वेळी 5 टक्क्यांची हमी तुम्हाला मिळाली पाहिजे. स्वतःचा इंजिनिअर लावा, बाउहेरेन-शुट्सबुंडसारख्या संस्थांकडून तपासणी मिळते, यात काटकसर करू नका.

आता रोजचं जगणं, ज्याचा हिशोब कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नसतो. आपली फोडणी आणि कुकर. भाड्याच्या घरात बहुतेक वेळा किचनच नसतं, रिकाम्या भिंती आणि नळाचा पाइप. आधीच्या भाडेकरूकडून किचन विकत घ्यायचं नाहीतर नवं लावायचं, आणि चिमणी असते ती बहुतेक हवा फिल्टर करून परत घरातच सोडणारी. विकत घेतलेल्या फ्लॅटमध्ये तरी भिंतीला भोक पाडून हवा बाहेर काढू म्हणाल तर बाहेरची भिंत सगळ्यांची आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव लागतो, आणि तो मिळेलच असं नाही. स्वतः बांधताना मात्र हे पहिल्या दिवशीच नकाशात टाकता येतं, फक्त आजकालची घरं हवाबंद असतात आणि त्यात व्हेंटिलेशनची यंत्रणा असते, तेव्हा चिमणी आणि ती एकमेकांना जुळतात का ते प्लॅनरशी बोलून घ्या. बाथरूमचंही तेच. इथल्या बाथरूमच्या जमिनीला जाळी नसते, पाणी सांडलं की पुसायचं. बांधणाऱ्याला फ्लोअर ड्रेन आणि कमोडशेजारी जेटची वेगळी लाइन सांगून ठेवता येते, नंतर करायला गेलात तर फरशी फोडावी लागेल.

केहरवोखंचा बोर्ड दारावर लटकला की जिना झाडायचा, हे भाडेकरूलाही असतं आणि फ्लॅटमालकालाही. घरवाल्याला जिना नाही पण बर्फ आहे, सकाळी लवकर उठून समोरचा फुटपाथ साफ करावा लागतो, कुणी घसरलं तर जबाबदारी तुमची. डिसेंबर-जानेवारीत महिनाभर भारतात जाणार असाल तर ते काम कोण करणार ते आधी ठरवा. आणि 2025 पासून या राज्यात ग्रुंडश्टॉयर, म्हणजे मालमत्तेचा दरवर्षीचा टॅक्स, फक्त जमिनीवर मोजतात, घर केवढं याच्याशी संबंध नाही, म्हणून मोठ्या बागेचं छोटं जुनं घर घेतलं तर टॅक्स जास्त आणि फ्लॅटला जमिनीचा वाटा कमी म्हणून कमी.

परत जायची शक्यता मनात असेल तर हे नीट वाचा. भारतात फ्लोटिंग रेटचं होम लोन आधी फेडलं तर दंड नसतो, इथे व्याज दहा-पंधरा वर्षं फिक्स असतं आणि मधेच घर विकून फेडलं तर बँक फोरफेलिगकाइट्सएंटशेडिगुंग, म्हणजे मुदतीआधी फेडल्याची भरपाई, लावते, दर त्या वेळी घसरलेले असतील तर हजारो युरो. पूर्ण कर्ज उचलून दहा वर्षं झाली की सहा महिन्यांच्या नोटिशीवर विनादंड सुटता येतं, व्याज वीस वर्षांसाठी फिक्स केलं असलं तरी. तसंच दहा वर्षांच्या आत विकलं तर नफ्यावर टॅक्स लागतो, पण विकलं त्या वर्षी आणि आधीच्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः राहत असाल तर माफ. याचा अर्थ परत जाताना घर भाड्यानं देऊन चार वर्षांनी विकू हा बेत टॅक्सच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट ठरू शकतो. आणि घर घेतल्यानं व्हिसाला काहीही फायदा होत नाही, तो वेगळा विषय. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) बी1 पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांत, ए1 असेल तर 27 महिन्यांत परमनंट, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळू शकतं, आणि बऱ्याच बँका तेच कार्ड बघायला मागतात.

माझं मत विचाराल तर पहिली चार-पाच वर्षं, परमनंट हातात येईपर्यंत, भाडंच, आणि त्या काळात उरलेले पैसे बाजूला टाकत राहा, कारण वर सांगितलेले 10 टक्के रोख लागणारच आहेत. मुलं शाळेत रुळली, दोघांपैकी एकाची तरी नोकरी या भागात पक्की आहे आणि दहा वर्षं हलणार नाही असं दोघं एकमेकांकडे बघून म्हणू शकत असाल तर एस-बानच्या (लोकल ट्रेनच्या) स्टेशनजवळ डी-ई अक्षराचा, फंड भरलेला जुना फ्लॅट नाहीतर राइएनहाउस, म्हणजे रो-हाउस. 2 टक्के टिलगुंग (वर्षाला मुद्दल फेडायचा सुरुवातीचा दर) आणि साडेतीनच्या आसपास व्याज असेल तर कर्ज फिटायला जवळजवळ 29 वर्षं लागतात, म्हणून चाळिशीत घेताय तर टिलगुंग 3 टक्क्यांवर ठेवायचा प्रयत्न करा आणि करारात वर्षाला 5 टक्के झोंडरटिलगुंग (हप्त्यापेक्षा जादा परतफेड) फुकट लिहून घ्या. बांधकाम फक्त अशांनी करावं ज्यांना साइटवर कारागिराशी जर्मनमध्ये भांडता येतं, पत्रव्यवहार स्वतः वाचता येतो आणि ठरलेल्या खर्चाच्या वर किमान दहा-पंधरा टक्के रोख बाजूला आहे, नुसतं सॅम्पल घर आवडलं म्हणून नको. बँकेत जायच्या आधी फेरब्राउखरत्सेन्ट्रालं या ग्राहक केंद्रात अपॉइंटमेंट घ्या, थोडी फी लागते पण तिथल्या सल्लागाराला तुम्हाला काही विकायचं नसतं, आणि जाताना तुमचं सध्याचं भाडं, हाउसगेल्डचा आकडा आणि सोसायटीची प्रोटोकोलं सोबत घेऊन जा.