क्लचचं पेडल काढलं, ऑटोमॅटिकच्या नावाने १,६९,५०० ला टोपी घातली

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी डाव्या पायाने क्लच दाबायला मनाई केली. माझी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप २०१७ ची, २.५ लिटर, पाच गिअरची मॅन्युअल. गाडी ठणठणीत आहे, ती फुंकून नवी ऑटोमॅटिक घ्यायची म्हणजे केवढ्याला पडली असती ते ज्याचं त्याने बघावं. त्यामुळे हीच गाडी ऑटोमॅटिक करून घ्यायचं ठरवलं. ती ‘हौस’ म्हणून शेरे मारणाऱ्यांनी जरा थांबा.

इंदूरला देवास नाक्याकडे एक गॅरेजवाला आहे. मधाळ बोलणं, प्रत्येक वाक्यात ‘भिया’. म्हणाला, ॲक्सिडेंटच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आलाय, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो तो भाग), वायरिंग, कॉम्प्युटर सगळ्यासकट बसवून देतो. ७५,००० ॲडव्हान्स. मग ‘माल सोडवायला’ ५२,०००. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वेगळा लागेल. तिथेच उठायचं होतं, पण आपल्याकडे कोणतं गॅरेज आपणहून पक्कं बिल देतं?

आणि तो गिअरबॉक्स! पोत्यावर आडवा ठेवलेला, नुकताच डिझेलने धुतलेला. मी स्वतः वाकून पाहिला. बाजूला काळा रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारं टोपण, आणि त्यातून बाहेर आलेला क्लचचा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा काटा. अशा ऑटोमॅटिकला क्लच फोर्क कशाला असेल हो? तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो, ऑईल कूलरकडे जाणारे दोन पाइप असतात, वायरिंगचा जाडजूड कनेक्टर असतो. यातलं एकही नव्हतं. मी बोट ठेवून विचारलं, ‘हे काय?’ तो म्हणाला, ‘भिया, ट्रान्सपोर्ट का कवर है.’ अजून रात्री झोपेत तो बूट दिसतो. पण गाडी चालवणाऱ्याने गिअरबॉक्सची पोटं ओळखावीत, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. शिवाय भारतात २.५ ला कंपनीने ऑटोमॅटिक दिलाच नव्हता, तो १.९ इंजिनाबरोबर आला. हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

गाडी हातात आली तेव्हा क्लचचं पेडल गायब आणि लिव्हरखाली ऑटोमॅटिकवर असते तशी पी-आर-एन-डीची पट्टी डिंकाने चिकटवलेली. गिअर मात्र हातानेच टाकायचे! विचारलं तर, ‘अभी लर्निंग मोड में है, पाँच सौ किलोमीटर बाद खुद बदलेगा.’ या लर्निंगच्या कॉम्प्युटरचे ३८,५०० आणि ऑईलचे ४,०००, तेही मोजून घेतले. पुलाच्या चढावर गाडी मागे सरकली तेव्हा दुसऱ्या मेकॅनिकने खाली जाऊन पाहिलं. माझाच जुना गिअरबॉक्स, आणि क्लच दाबायला एक मोटर. झालं ‘ऑटोमॅटिक’. अशी किट मिळतात, अपंगांना उपयोगी पडतात, पण ती त्याच नावाने आणि त्याच भावात विकायची असतात.

आता सरकारी टोलवाटोलवी ऐका. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, हा सिव्हिल मॅटर आहे. फसवणुकीचं कलम ४२० सांगितलं तर हसले, ‘४२० गया, अब ३१८ है.’ मग नव्या न्याय संहितेचं ते ३१८ लावा ना! तर म्हणे यूपीआयने पैसे दिलेत, सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच समोरासमोर दिलेत, हे आमचं नाही. परिवहन कार्यालयात तर कमालच! मला उलट विचारलं, बदलाची परवानगी घेतली होती का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माझ्याच तोंडावर फेकलं. लुटला गेलो मी आणि कागद दाखवायचे तेही मीच. गॅरेजवाल्याला एकाने साधा फोन केला नाही. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार टाकली, ती ‘समाधान झाले’ म्हणून बंद केली. कोणाचं समाधान झालं?

ठाणं ऐकत नसेल तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, जिथे आयुक्तालय आहे तिथे वरिष्ठांना. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ती सोय आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून नंबर लिहून ठेवा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मी अर्ज टाकला आहे. रोख देऊ नका. गिअरबॉक्सचा नंबर फोटोसकट घ्या आणि गाडी सोडण्याआधी स्वतःच्या जुन्याचाही.

तो गॅरेजवाला अजून रोज शटर उघडून बसतो. ज्याची गाडी आत्ता ऑटोमॅटिक करायला त्याच्याकडे उभी आहे, त्याने आज संध्याकाळीच जाऊन बॉनेट उघडावं. कूलरचे दोन पाइप दिसले नाहीत, तर पुढचा हप्ता देऊ नका.