सरकी ढेप: दुभत्या म्हशीला उत्तम, पैदाशीच्या वळूला जपून

धरणगाव परिसरातील एका तेलगिरणीची सरकी ढेप, म्हणजे कपाशीच्या बियांतून तेल काढल्यावर उरणारी पेंड, यंदा आमच्या गोठ्यात सुरू केली. दुभत्या म्हशी आणि पैदाशीचा वळू यांच्यासाठी तिचे मूल्यमापन वेगवेगळे करावे लागते. गिरणीचे नाव देत नाही, कारण तिच्या गोणीवर जी उणीव आहे तीच मी खानदेशात घेतलेल्या इतर गोण्यांवरही पाहिली आहे.

माल म्हणून ढेप चांगली आहे. पापडी हाताने मोडली की कडकन तुटते, आत टरफलाचे काळे कण आणि थोडी रुई दिसते, कुबट वास येत नाही. घमेल्यात भिजवल्यावर ती एकसारखी फुलते आणि तळाशी माती बसत नाही. म्हशी आवडीने खातात आणि डेअरीवर फॅटही समाधानकारक लागते. दुभत्या जनावरासाठी ही ढेप घेण्यास माझी पूर्ण संमती आहे.

प्रश्न वळूचा आहे. विक्रेत्याने गोणी देताना, “वळूला भरपूर घाला, अंगात ताकद येते,” असे सांगितले आणि गावोगावी हाच समज आहे. कपाशीच्या बियांमध्ये बारीक काळसर ठिपक्यांसारख्या ग्रंथी असतात आणि त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. किडींपासून झाडाचे रक्षण करणारा हाच पदार्थ नराच्या प्रजननावर घाला घालतो. शुक्राणूच्या मधल्या भागात ऊर्जा तयार करणारी जी यंत्रणा असते ती त्याने बिघडते, त्यामुळे शुक्राणूंची हालचाल मंदावते. प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये वृषणातील लायडिग पेशींची टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक तयार करण्याची क्षमताही घटल्याचे आढळले, मात्र हा परिणाम मात्रेवर आणि कालावधीवर अवलंबून असतो. चीनमध्ये कच्चे सरकी तेल खाणाऱ्या गावांत वंध्यत्व दिसल्यावर १९७० च्या दशकात ८,००० हून अधिक पुरुषांवर गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या. त्यांच्यात संप्रेरकांची पातळी बहुतांशी टिकून राहिली, पण शुक्राणू घटले, काहींच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक रीतीने उतरले आणि काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. म्हणून तो मार्ग सोडून द्यावा लागला. घरात वापरल्या जाणाऱ्या रिफाइंड सरकी तेलाची धास्ती घेऊ नये, कारण शुद्धीकरणात गॉसिपॉल जवळजवळ निघून जाते.

मोठ्या गायी-म्हशींच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, बरेचसे गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाऊन निष्प्रभ होते, म्हणूनच माफक ढेप त्यांना पचते. वासराचे कोठीपोट तयार झालेले नसते, त्यामुळे त्याला हा आधार नसतो. वाढत्या वयाच्या खोंडांना सरकीचा भारी खुराक दिल्यास शुक्राणूंमध्ये दोष दिसतात. खुराक बंद केल्यावर ते हळूहळू भरून येतात खरे, पण तोवर गावातल्या गायी उलटत राहतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, आणि दोष गायींनाच दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

गाळपातील उष्णतेनेही काही गॉसिपॉल बांधले जाते. किती बांधले गेले आणि किती मुक्त राहिले, हे गिरणीगणिक बदलते, आणि नेमका तोच आकडा गोणीवर नाही. प्रथिने, तेल आणि तंतू यांची टक्केवारी ठळक छापली आहे. मुक्त गॉसिपॉलचे प्रमाण आणि ‘वासरे व पैदाशीचे नर यांना देऊ नये’ अशी एक ओळ छापायला गिरणीला फारसा खर्च येणार नाही. मी हे गिरणीत प्रत्यक्ष बोललो. त्यांनी ऐकून घेतले, पुढच्या खेपेच्या गोण्या मात्र तशाच आल्या.

त्यामुळे म्हशींसाठी मी हीच ढेप घेत राहीन. वळूला मक्याचा भरडा, तुरीची चुनी आणि ज्वारीचा कडबा देतो, आणि वासरांच्या गव्हाणीत सरकी पडू देत नाही.