सोवळं: नेसायचं की शिवलेलं?

गणपती जवळ आले की पहिल्यांदा पूजेला बसणारे हमखास विचारतात, सोवळं, म्हणजे पूजेचं रेशमी धोतर, नेसायचं घ्यावं की शिवलेलं? माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून अनुभवावरून लिहितो.

कुर्ता-पायजमा यात धरत नाही. सणाचा रीतसर पोशाख म्हणून तो आता सगळीकडे रुळला आहे, आरतीला आलेल्या पाहुण्यांच्या अंगावर छानच दिसतो. पण आजोबांच्या पिढीत लोक कचेरीतही धोतर-कोट-टोपी घालून जायचे. ते धोतर कचेरीतून गेलं, लग्नातूनही बरंचसं गेलं आणि पूजेपुरतं उरलं. पाटावर बसणाऱ्याने तरी ते सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

शिवलेल्याची सोय मोठी आहे. गुरुजी दारात आले तरी चालतं, पाय घातले की झालं. निऱ्या एकसारख्या पडतात, सोगा पायात येत नाही. मुंज झालेल्या लहान मुलाला मी तेच घेऊन देईन. शिवलेल्या नऊवारीमुळे कितीतरी मुली पुन्हा नऊवारीकडे वळल्या, तेव्हा या प्रकाराला नावं ठेवणं बरोबर नाही. फक्त जुन्या रीतीत शिवलेलं वस्त्र सोवळ्यात धरत नाहीत. घरात ते पाळणारं वडीलधारं माणूस असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

आमच्याकडे तेवढं कडक नाही. माझा निर्णय ठरला तो शिवलेल्याच्या कमरेला असलेल्या वेल्क्रोमुळे. रेशमावर तो फार वाईट. त्याचे बारीक आकडे कापडात अडकतात, धागे ओढले जातात आणि कमरेपाशी कापड विस्कटतं. काही धुण्यांनंतर त्यात लव साचते आणि पकड जाते. बसलेलं असताना कळत नाही. उत्तरपूजा झाली, मूर्ती हलवली, दोन्ही हातांनी उचलली आणि तेवढ्यात कंबर सैल झाल्याचं जाणवलं, की मन मूर्तीवर राहतच नाही. शिवाय मांडी घातली की मागची शिवण ताणते आणि प्रत्येक आरतीला उठताना पुढच्या निऱ्या खाली ओढाव्या लागतात. नाडीचं शिवलेलं मिळालं तर निम्मा त्रास वाचेल, पण शिवणीचं काय करणार?

नेसायचं सोवळंही सुटतं, हे खरं. रेशीम निसरडं असतं. पण ते सुटतं ते बहुतेक गाठ ढिली राहिल्यामुळे. निऱ्या घालण्याआधी बेंबीपाशी गाठ घट्ट मारली आणि करगोट्याखालून, म्हणजे कमरेच्या दोऱ्याखालून, मागे कासोटा खोचला, तर माझं तरी विसर्जनापर्यंत हललेलं नाही. मांडी घातली की कापड आपोआप सैल होतं, उठलं की जागेवर येतं. वडिलांना होतं ते मला होतं, उद्या मुलालाही होईल. शिवलेल्याचं माप मात्र वर्षभरात बदलू शकतं.

ज्यांचे खांदे दुखतात, हात मागे जात नाहीत, त्यांनी खुशाल शिवलेलं घ्यावं. बाकीच्यांनी, जमल्यास, साडेचार मीटरच्या आसपासचं नेसायचं घ्यावं; आखूड असेल तर पोट असलेल्या माणसाला मागे कासोटा पुरत नाही. सराव जुन्या सुती धोतरावर करा, म्हणजे नवं सोवळं धुऊन वाळत घातलेलं तसंच पूजेला मिळेल.