ग्रेग बदलला की बघणारीची नजर? – 'क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड'

चार पर्वं, ६२ भाग, १५७ गाणी. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०१९ या काळात अमेरिकेतल्या सीडब्ल्यू वाहिनीवर लागलेली ही संगीत-विनोदी मालिका टीआरपीच्या यादीत कायम तळाशी असायची. वाहिनीने तरीही ती चारही पर्वं चालू ठेवली. मालिका संपली, पण तिच्या प्रेक्षकांतले दोन वाद संपले नाहीत. लेखन नक्की कुठे घसरलं, हा पहिला. दुसरा नटांच्या दिसण्याचा: नायिका पुरेशी 'हिरोईन' दिसते का, आणि चौथ्या पर्वात ग्रेग या पात्राचा नट, म्हणजे चेहराच, बदलला ते पटतं का. नीट पाहिलं तर हे दोन वाद वेगळे नाहीत. या मालिकेत दिसणं हा पटकथेचाच भाग आहे. लेखिकांनी ते लक्षात ठेवलं तिथे काम चोख झालंय, विसरल्या तिथे शिवण उसवलेली दिसते.

गोष्ट थोडक्यात अशी. न्यूयॉर्कमधली यशस्वी पण आतून पोखरलेली वकील रिबेका बंच रस्त्यात जुना मित्र जॉश चॅन भेटताच नोकरी सोडून त्याच्या गावी, कॅलिफोर्नियातल्या वेस्ट कोव्हिनाला, राहायला जाते. आणि त्याच्यासाठी आलेच नाही, असं सगळ्यांना (स्वतःलाही) सांगत राहते. रिबेकाचं काम रेचल ब्लूमने केलंय आणि अलीन ब्रॉश मकेना यांच्यासोबत मालिका घडवणारीही तीच. गाणी ब्लूम, अ‍ॅडम श्लेसिंजर आणि जॅक डॉल्जेन या तिघांची.

भागाला सरासरी अडीच गाणी पडतात आणि प्रत्येक गाणं एखाद्या ओळखीच्या शैलीची नक्कल असतं. ही नक्कल शोभेची नाही. पात्र स्वतःला जे खोटं सांगतंय, त्या खोट्याला शोभेल अशी शैली निवडलेली असते. पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागात जॉशचा मित्र ग्रेग रिबेकाला म्हणतो, जॉश मिळत नाही ना, मग माझ्यावर भागव. चाल आणि नाच मात्र जुन्या हॉलिवूडच्या फ्रेड अस्टेअर-जिंजर रॉजर्स या नाचणाऱ्या जोडीच्या थाटाचा, कृष्णधवल. शब्दांत लाचारी, पायांत डौल. दुसऱ्या पर्वाच्या तिसऱ्या भागात रिबेका मेरिलिन मन्रोच्या लाडिक आवाजात प्रेमत्रिकोणाची भूमिती शिकवते, कारण दोन पुरुषांमध्ये अडकल्याचं दुःख दाखवताना तिला आतून गुदगुल्या होत असतात. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की कथा थांबायची आणि वन्समोअर मिळाला की आणखी थांबायची. इथे गाणं वगळलंत तर पुढच्या प्रसंगात पात्र असं का वागतंय ते कळणारच नाही. म्हणून सबटायटल्स चालू ठेवा आणि गाणी पुढे ढकलू नका.

आता दिसण्याकडे. ब्लूम अमेरिकी टीव्हीच्या मापाने सडपातळ नाही आणि पटकथा हे लपवत नाही. पहिल्याच भागात डेटसाठी तयार होतानाचं गाणं आहे: मादक आर अँड बी चाल, आणि पडद्यावर केस उपटणं, पोट आत दाबणाऱ्या चड्डीत स्वतःला कोंबणं, चटके. मध्येच रॅपर निप्सी हसल स्वतः येतो, न्हाणीघरातला तो छळ बघून हादरतो आणि बायकांची माफी मागायला निघून जातो. हे गाणं दिसायला आखीवरेखीव नटीवर बेतलं असतं तर नुसती गंमत झाली असती. 'नायिका जॉशला साजेशी नाही' ही तक्रार करणाऱ्यांनी पुढच्याच भागातली व्हॅलेन्सिया बघावी. जॉशची ही प्रेयसी योगशिक्षिका आहे, गॅब्रिएल रुईझने तिला सुरीसारखी धार दिलीय, आणि तुलना आपण मनात करायच्या आधी रिबेकाच करून मोकळी होते. व्हॅलेन्सियाचं योगाचं गाणं बॉलिवूडच्या वळणाचं आहे. योग म्हटला की भरजरी कपडे आणि माना डोलावणं, हा अमेरिकी मसाला आपल्याकडच्या प्रेक्षकाला थोडा खटकेल. विनोद व्हॅलेन्सियाच्या दिखाऊपणावर आहे हे मान्य, पण सजावट आळशी आहे.

उलट दोन निवडींचं कौतुक पुरेसं झालेलं नाही. जॉश, म्हणजे ज्याच्यामागे नायिका वेडी होते तो देखणा पोरगा, फिलिपिनो वंशाचा आहे आणि व्हिन्सेंट रॉड्रिगेझने तो केलाय. अमेरिकी विनोदी मालिकांत आशियाई पुरुषाला ही जागा क्वचितच मिळायची. दुसरी पॉला. डॉना लिन चॅम्पलिनची ही चाळिशीतली, अंगाने भरलेली मैत्रीण फक्त सल्ले द्यायला नाही. तिला हव्यास आहे, मत्सर आहे, कायदा शिकायची जिद्द आहे, आणि गळा तर सगळ्या संचात सर्वांत दणदणीत.

ग्रेगचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं. ग्रेग करणारा सँटिनो फाँटाना दुसऱ्या पर्वाच्या चौथ्या भागानंतर मालिका सोडून गेला. पटकथेत ग्रेग दारू सोडून शिकायला अटलांटाला जातो. चौथ्या पर्वाच्या आठव्या भागात, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, तो परततो तेव्हा स्कायलर अ‍ॅस्टिन असतो. लेखिकांनी हे लपवायच्या ऐवजी त्यावरच कथा बेतली: रिबेका बदललीय, म्हणून जुना माणूस तिला नवा दिसतो. कल्पना सुरेख आहे आणि चेहऱ्यापुरती चालतेही. पंचाईत आवाजाची होते. फाँटानाचा गळा ब्रॉडवेच्या जुन्या गायकांसारखा, खर्जात सावकाश फिरणारा. अ‍ॅस्टिनचा हलका, वरच्या पट्टीतला, पॉपकडे झुकणारा. गाण्यातूनच माणूस ओळखू येणाऱ्या मालिकेत गळा बदलणं ही चेहऱ्याहून मोठी उलथापालथ, आणि तिचं स्पष्टीकरण पटकथेत नाही. बालगंधर्वांचं वय दिसत असूनही प्रेक्षकांनी त्यांना नायिका म्हणून स्वीकारलं ते गळ्यासाठी. इथे नेमका गळाच हरवला. अ‍ॅस्टिन वाईट नाही. तो दुसरा माणूस वाटतो, इतकंच.

लेखनाबद्दल बोलायचं तर तिसरं पर्व घसरलं म्हणणाऱ्यांशी अजिबात सहमत होता येत नाही. रिबेकाशी ठरलेल्या लग्नातून पळालेल्या जॉशवरच्या सूडाने पर्व सुरू होतं, आणि चौथ्या भागात गायक जॉश ग्रोबन स्वतः रस्त्यात अवतरतो आणि आयुष्याला सिनेमासारखी गोष्ट नसते असं गात चालत राहतो. पाचव्या भागाच्या शेवटी आत्महत्येचा प्रयत्न आहे (हा विषय जड जाणाऱ्यांनी जपून). सहाव्यात रिबेकाला निदान मिळतं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सांभाळणं अवघड करणारा मानसिक विकार. निदान मिळणार म्हणून ती हरखून गाते. इतकी वर्षं विचित्र वाटणाऱ्या स्वतःला आता एक नाव मिळेल, एक जमात मिळेल. मालिकेच्या नावातला 'क्रेझी' हा शब्द लेखिकांनी इथे उलटा करून दाखवला. पहिल्या पर्वाच्या अकराव्या भागातलं, रिबेका भरल्या सभागृहासमोर स्वतःलाच शिव्या घालते ते गाणं आता पुन्हा ऐका. ते विनोदी नव्हतंच.

खरी घसरण इतरत्र आहे. दुसरं आणि तिसरं पर्व तेरा-तेरा भागांचं, घट्ट. चौथं पुन्हा अठराचं, आणि भरणा जाणवतो. अकराव्या भागात नॅथॅनियल, म्हणजे रिबेकाचा बॉस आणि तिसरा प्रेमवीर, स्वतःला रोमँटिक कॉमेडीत कल्पतो. ४० मिनिटं मजेची, कथा जागच्या जागी. सर्वांत जास्त नुकसान जॉशचं झालंय. पहिल्या पर्वात तो साधा, पण घरच्यांत रमणारा, नात्यांच्या ओढाताणीत सापडलेला माणूस होता. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी लग्नातून पळून पाद्री व्हायला गेल्यावर लेखकांना त्याचं काय करावं कळेना, आणि तो हळूहळू नुसता भोळसट होत गेला.

आणखी एक भोक. शेवटच्या भागात उघड होतं की ही गाणी रिबेकाच्या डोक्यात वाजत होती. (ज्यांना शेवट कळायला नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) मग रिबेकाच्या ऑफिसातला डॅरिल सगळ्यांसमोर आपण बायसेक्शुअल असल्याचं रॉक गायक ह्युई लुईसच्या ढंगात गातो, किंवा रिबेका आसपास नसताना पॉला गाते, ते कुणाच्या डोक्यात? चाहते यावर कसरती करतात. सरळ उत्तर हेच की नियम नंतर सुचला आणि आधीच्या गाण्यांना तो पूर्ण बसत नाही. तरी शेवट पडत नाही. तीन पुरुषांतल्या एकालाही न निवडता रिबेका पियानोपाशी बसते, आपण लिहिलेलं गाणं सांगते, आणि गाणं सुरू व्हायच्या क्षणी पडदा.

२०१९ साली औदासीन्यावरच्या गोळ्यांबद्दलच्या टॅप-डान्स गाण्याला मूळ गीत-संगीताचं एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचं मानाचं पारितोषिक, मिळालं. पुढच्याच एप्रिलमध्ये श्लेसिंजर कोविडने गेले.

नव्याने सुरू करणार असाल तर पहिल्या भागावरून निकाल देऊ नका. तो मुळात दुसऱ्या, शोटाइम वाहिनीसाठी अर्ध्या तासाचा बनला होता आणि नंतर वाढवला, त्यामुळे थोडा ताणलेला वाटतो. चौथ्यापर्यंत थांबा. दर पर्वाचं शीर्षकगीत बदलतं, ते प्रत्येक वेळी ऐका, कारण रिबेका त्या वर्षी स्वतःला कोण समजते ते तिथेच कळतं. घरात मोठी माणसं किंवा लहान मुलं असतील तर हेडफोन हाताशी असू द्या. टीव्हीवर गाण्यांचे शब्द सौम्य केलेले आहेत, पण काही गाण्यांच्या असभ्य आवृत्त्या ब्लूमने यूट्यूबवर वेगळ्या टाकल्यात, आणि जास्त हसू त्यांतच येतं.